वेलांटी पेंटरची पाटी

सकाळपासून वारा पिसाळल्यासारखा सुटला होता. ऊन चांगलं कडक होतं, पण वारा असला की पेंटरला उन्हाचा उपयोग शून्य. ओल्या रंगावर धूळ बसते, धुळीवर कुणाचा तरी केस येऊन पडतो, आणि वरून एखादी माशी त्यात पाय रोवून कायमची राहायला येते. दातांच्या डॉक्टरची पाटी दुकानाबाहेर टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर काढलेली पांढरीशुभ्र दाढ चहा पिऊन येईपर्यंत तपकिरी झाली होती.

"किडली वाटतं," शेजारचा न्हावी म्हणाला.

"राहू दे. डॉक्टरला गिऱ्हाईक मिळेल," पेंटर म्हणाला आणि फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून दाढ घासायला बसला.

पेंटरला त्या रस्त्यावर सगळे वेलांटी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. त्याची वेलांटी होतीच तशी. अक्षराच्या डोक्यावरून निघायची, वळसा घ्यायची, जरा थांबून इकडंतिकडं बघायची आणि मग झोकात खाली उतरायची. इस्त्रीवाल्याच्या पाटीवरची वेलांटी वाफेसारखी वर चढून पाटीच्या चौकटीबाहेर, थेट भिंतीवर गेली होती. न्हाव्याचं दुकान नुसतं 'केशकर्तनालय' होतं. त्यात वेलांटी नाही म्हणून वेलांटीनं दोन दिवस त्याच्या डोक्याशी बसून त्याला खाली 'दाढीसुद्धा' लिहायला लावलं. वेलांटी नसलेला शब्द त्याला उन्हात बिनटोपीचा उभा केलेला माणूस वाटे.

आता ती वेलांटी पहिली की दुसरी, हे मात्र त्याला जन्मात कळलं नव्हतं. ते खातं बायकोकडं होतं. दुपारची भांडी आवरली की ती दुकानात येऊन स्टुलावर बसायची. हात स्वेटरच्या सुयांवर, डोळे पाटीवर. मान वर न करता म्हणायची, "दुसरी." हा दुसरी काढायचा. "अहो, ऱ्हस्व उकार. शेपूट आत घ्या." हा शेपूट आत घ्यायचा. वीस वर्षं संसार असाच चालला होता. भांडणंसुद्धा त्या स्टुलावरच व्हायची आणि मिटायचीही तिथंच, कारण हातातला ब्रश ओला असताना माणसाला फार वेळ भांडता येत नाही.

गेल्या चार महिन्यांपासून स्टूल रिकामं होतं.

बायको काही माहेरी गेली नव्हती. समोरच होती. वेलांटीचं घर दुकानाच्या बरोबर समोर, वह्यापेनांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. गॅलरीत उभी राहिली तर तिच्या गाऊनवरची फुलं दुकानातून दिसायची. पण मध्ये रस्ता होता. आणि रस्ता कसला, बसगाड्या, टेम्पो, स्कूटरी सगळ्या अशा धावायच्या की जणू पुढच्या चौकात कुणीतरी फुकट काही वाटतंय आणि ते संपत आलंय. पलीकडं जायचं म्हणजे माणूस आधी एक पाय खाली टाकायचा, मागं घ्यायचा, पुन्हा टाकायचा. नवख्याला वाटावं की इथं नाच शिकवतात.

तर चार महिन्यांपूर्वी बायको अशीच पाय टाकत-घेत येत होती आणि एका स्कूटरच्या हँडलात तिच्या पिशवीचा बंद अडकला. पिशवी सोडेल तर ती बाई कसली! पिशवी धरून ती स्कूटरमागं धावली. स्कूटरवाल्यानं आरशात पाहिलं, त्याला वाटलं बाईंना मागं बसायचंय. त्यानं सभ्यपणे ओरडून सांगितलं, "काकू, मी त्या बाजूला नाही जात!" आणि वेग वाढवला. पार भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर बंद तुटला तेव्हा काकू सुटल्या. पाय मुरगळला, चप्पल गेली आणि अख्ख्या रस्त्यानं पाहिलं. पायापेक्षा ते शेवटचं जास्त दुखलं.

त्या संध्याकाळी तिनं गॅलरीतून जाहीर केलं, "या रस्त्यावर पांढरे पट्टे पडेपर्यंत मी तिकडं पाऊल टाकणार नाही. शपथ आहे माझी."

"अगं, पट्टेच ना? माझा धंदा काय आहे मग?" वेलांटी म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बादली घेऊन रस्त्यावर उतरला. पट्टे झकास झाले. एकेक पट्टा असा की बघत राहावं. पण वाळायच्या आत पहिली बस आली. बसमागून टेम्पो, टेम्पोमागून दुधाच्या गाड्या. सगळ्यांच्या चाकांनी ते पट्टे उचलले आणि गावभर नेले. दुपारी रस्ते खात्याचे साहेब चाकांच्या पांढऱ्या ठशांचा माग काढत काढत दुकानापर्यंत पोहोचले.

"वेलांटी, रस्ता कुणाचा?"

"तुमचा, साहेब."

"मग रंगवला कुणी?"

वेलांटीनं बादलीवर पाय ठेवून ती मागं सरकवली. "वाऱ्यानं उडाला असेल, साहेब."

तेव्हापासून जेवणाचा डबा हवालदार आणून द्यायचा. रस्त्याच्या मधोमध सिमेंटचा एक गोल ओटा होता, त्यावर छत्री आणि छत्रीखाली हा ट्रॅफिक हवालदार. वाहतूक त्याच्या दोन्ही बाजूंनी ओढ्यासारखी वाहायची. हा मध्ये खडकासारखा निवांत. शिट्टी गळ्यात होती, पण ती वाजते की नाही हे अजून कुणाला माहीत नव्हतं. जेवायच्या सुट्टीत तो समोर जाऊन डबा घ्यायचा आणि इकडं आणून द्यायचा. डबा पोहोचायचा तेव्हा वरच्या खणातली भाजी हमखास अर्धी असायची.

"सांडली जराशी," हवालदार मिशा पुसत म्हणायचा.

स्टूल रिकामं झाल्यापासून वेलांटीच्या हातून धडाधड चुका व्हायला लागल्या होत्या. शिवणवाल्या बाईंच्या पाटीवर 'शिलाई'ला त्यानं अशी दुसरी वेलांटी दिली की त्या बाई आठवडाभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडून घरी गेलं की बायको विचारायची, "आज काय काय लिहिलंत?" आणि हा खोटं बोलायचा. रात्री झोप यायची नाही. पाट्या चुकल्याचं दुःख होतं, पण खरी गोष्ट अशी होती की दुपारभर त्या स्टुलाकडं बघून बघून माणूस वेडा व्हायला आला होता. एकदा तर तो स्टुलालाच विचारून बसला, "पहिली का गं?" न्हाव्यानं ऐकलं आणि ते दुकानभर केलं.

तर त्या वाऱ्याच्या सकाळी, दाढ घासून होतेय तोच रस्ते खात्याचे साहेब हजर. रुमालानं मानेमागचा घाम पुसत. साहेबांना थंडीतही घाम यायचा, रस्ते खातंच तसं होतं.

"वेलांटी, तातडीचं काम आहे. दोन पाट्या, रस्त्याच्या दोन्ही टोकांना. परवा मॅडम येतायत."

"कोण मॅडम?"

"अनुदानवाल्या! वरच्या कार्यालयातून." साहेबांनी स्टूल ओढलं. वेलांटीनं ते हळूच परत ओढून घेतलं आणि त्यांना रंगाचा डबा दिला बसायला. "आपल्या पालिकेनं पैसे मागितलेत या रस्त्यासाठी. पट्टे, सिग्नल, मध्ये थांबायला कठडा, सगळं. मागच्या वर्षी पण मागितले होते, नाकारले."

"का?"

"फोटो पाठवले होते ना रस्त्याचे. फोटोग्राफर भित्रा निघाला. गाड्यांना घाबरून रविवारी पहाटे जाऊन काढले त्यानं. फोटोत नुसता रस्ता आणि एक कुत्रं झोपलेलं. वरून उत्तर आलं, इतका शांत रस्ता आम्हाला आमच्या घरासमोर हवाय." साहेब कळवळले. "आता मॅडम स्वतः बघणार. धोका दिसला तर पैसे, नाही तर पुन्हा कुत्रं."

वेलांटीच्या हातातलं फडकं गळून पडलं. पट्टे! सरकारी पट्टे, वाळेपर्यंत राहणारे. "साहेब, पाटीवर काय लिहायचं तेवढं सांगा. रात्रीचा दिवस करतो."

"अपघातप्रवण क्षेत्र."

नेमकी त्याच वेळी बस गेली. "अपघात काय?"

"प्रवण! प्रवण!" साहेब ओरडले आणि स्कूटरवर बसून गेले.

वेलांटीनं शब्द तोंडात घोळवला. अपघातप्रवण क्षेत्र. एवढा लांबलचक शब्द, आणि त्यात एकही वेलांटी नाही? काने, मात्रा, सगळा लवाजमा आहे आणि वेलांटीच नाही? असा शब्द कुणी करेल? बस मध्ये आली, आपल्याला नीट ऐकू आलं नाही, साहेब प्रवीणच म्हणाले असणार. तरी शंका नको म्हणून तो दुकानाबाहेर आला. आदल्या दिवशी घरी न्यायचा राहिलेला रिकामा डबा त्याच्या हातात होता, तो हलवत त्यानं गॅलरीकडं हाक मारली.

"अगं ए! प्रवण की प्रवीण?"

बायको कपडे वाळत घालत होती. मध्ये दोन टेम्पो, एक बस आणि भंगारवाला. तिला दिसला हातातला डबा आणि ऐकू आलं तेवढं 'वीण'. कालच तिनं नवीन डबा आणला होता, जुन्याची कडी निखळली होती. हे विचारतायत, आज डबा जुना की नवीन.

"नवीन!" ती ओरडली. "नवीन! नवीन!"

"बघा," वेलांटी न्हाव्याला म्हणाला. "तीन वेळा सांगितलं. प्रवीण."

मग त्यानं जी पाटी काढली, तशी त्यानं आयुष्यात काढली नव्हती. पिवळ्यावर काळं. 'वी'च्या डोक्यावरून निघालेली दुसरी वेलांटी अख्ख्या 'अपघात'वरून मागं गेली, तिथून लाटेसारखी उलटून परत आली आणि तिच्या टोकाशी त्यानं एक बाण काढला, म्हणजे गाडीवाल्याला दिशा कळावी. संध्याकाळी दोन्ही पाट्या रस्त्याच्या टोकांना उभ्या राहिल्या.

अपघातप्रवीण क्षेत्र.

रस्त्याला पाटी फार आवडली. चूक आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, पालिकेनं कौतुक केलंय असंच सगळ्यांना वाटलं. न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून म्हणाला, "आमचा रस्ता प्रवीण आहे बरं का," तेव्हा ते गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून गेलं. इस्त्रीवाल्याचं म्हणणं पडलं की पाटी वरच्या चौकातही लावायला हवी, तिथले लोकही काही कमी प्रवीण नाहीत. फक्त बायकोला काही पत्ता नव्हता. पाट्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती आणि गॅलरीतून त्यांची पाठ दिसायची.

परवाचा दिवस उजाडला. वारा पडला होता, ढगाळ, कुंद हवा. मॅडम आल्या. उंच बाई, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात चष्मा. सोबत साहेब, दोन रुमाल घेऊन.

आणि घात झाला. हवालदाराला वरून तंबी मिळाली होती, 'परवा नीट काम कर.' म्हणजे काय करायचं हे त्या बिचाऱ्याला कुणी समजावलं नव्हतं, म्हणून त्यानं ते खरंच केलं. शिट्टी वाजवली. शिट्टी वाजते हे पाहून अख्खा रस्ता जागच्या जागी थिजला. दोन्ही हात पसरून हवालदार ओट्यावर उभा, आणि दोन्ही बाजूंना गाड्या ओळीत, शहाण्या मुलांसारख्या. मध्ये रस्ता रिकामा. एक कबुतर चालत पलीकडं गेलं.

मॅडम संथपणे ओट्यापर्यंत चालत गेल्या. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "साहेब, इथं धोका कुठला आहे?"

साहेब दुकानाच्या पायरीवर उभे राहून घायकुतीला आले. "मॅडम, रोज असं नसतं! अहो लोकहो, जरा नेहमीसारखं वागा की!" पण आज कुणी हॉर्नसुद्धा वाजवेना.

"आणि ती पाटी," मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "येताना वाचली. अपघातप्रवीण? म्हणजे इथले लोक अपघातात तरबेज आहेत का?"

साहेबांचा रुमाल खाली पडला. ते गर्रकन वेलांटीकडं वळले. "प्रवण सांगितलं होतं ना मी तुला! प्रवण! कल, उतार! जिथं अपघात होण्याकडं कल असतो ते!"

पट्टे गेले. स्टूल गेलं. आता जन्मभर हवालदाराच्या मिशांतून उरलेली भाजी खायची. वेलांटी बाहेर धावला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून गॅलरीकडं ओरडला, "अगं, तूच म्हणालीस ना प्रवीण!"

चार महिन्यांत पहिल्यांदा रस्त्यावर शांतता होती. शब्द न शब्द पलीकडं पोहोचला. बायको डबा भरून खाली वह्यांच्या दुकानापाशी हवालदाराची वाट बघत उभी होती.

"मी? मी नवीन म्हणाले! डबा नवीन!"

"मी शब्द विचारत होतो!"

"कुठला शब्द? कुठं लिहिलंत प्रवीण?"

"पाटीवर!"

"कुठल्या?"

वेलांटीचा आवाज बारीक झाला. "दोन्ही. सरकारी."

एवढं ऐकलं आणि बायकोला शपथबिपथ काही आठवलं नाही. चुकीची वेलांटी, तीही सरकारी पाटीवर, तीही तिच्या नावावर. हातात डबा तसाच घेऊन ती तरातरा रस्त्यात उतरली. "दोन्ही? अहो, निदान एक तरी बरोबर लिहायची!"

आता असं रंगलेलं भांडण हवालदारानं नाही बघायचं तर कुणी बघायचं? त्यानं ऐकायला मान वळवली, आणि मानेबरोबर दोन्ही हातही खाली आले.

कोंडलेला रस्ता सुटला. इतका वेळ शहाणपणानं उभ्या असलेल्या गाड्या सगळ्या शहाणपणाची भरपाई करत एकदम निघाल्या. बायको ओट्यापाशी पोहोचली होती, हवालदारानं हात देऊन वर ओढली. मॅडम तिथं होत्याच. ओटा एका माणसाचा, त्यावर तिघं, एकमेकांना धरून, वर एक छत्री. इकडून बस, तिकडून टेम्पो. मॅडमनी एक पाय खाली टाकला आणि मागं घेतला. पुन्हा टाकला. पुन्हा घेतला.

"शिकल्या," न्हावी म्हणाला.

"कधी जाता येतं इथून?" मॅडमनी विचारलं.

"जेवायच्या सुट्टीत," हवालदार म्हणाला. शिट्टी त्यानं पुन्हा वाजवून पाहिली, पण आता कुणी फसलं नाही.

साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा घाम नव्हता. "हॉर्न वाजवा!" ते जाणाऱ्या गाड्यांना आनंदानं सांगत होते. "शाबास! ए टेम्पो, शाबास!"

ओट्यावर बराच वेळ गेला. बोलणं इकडं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. बायकोनं हवेत बोटानं एक भलीमोठी वेलांटी काढली, नवऱ्याकडं बोट दाखवलं आणि मग दोन्ही हातांनी ती हवेतली वेलांटी खसाखसा पुसून टाकली. मॅडम खांदे हलवून हसल्या. मग बायकोनं स्कूटरची गोष्ट सांगितली, कारण तिनं पिशवी धरून धावल्यासारखं केलं आणि हवालदारानं तिला कमरेला धरून परत ओट्यावर आणलं. आणि मग, वेलांटीच्या डोळ्यांदेखत, तिनं डबा उघडला. नवीन डबा. मॅडमनी नको नको म्हणत पहिला घास घेतला. हवालदारानं नको म्हटलंच नाही.

"साहेब, ते माझं जेवण आहे," वेलांटी म्हणाला.

"गप बस," साहेब म्हणाले. "खाऊ दे त्यांना. पोटभर खाऊ दे."

गर्दी ओसरली तेव्हा हवालदार मॅडमना हाताला धरून दुकानापाशी घेऊन आला. रिकामं स्टूल दिसताच मॅडम त्यावर बसल्या आणि वेलांटीला मनाई करायचं धैर्य झालं नाही.

"मी शिफारस करते," त्या दम खात म्हणाल्या. "आजच करते. पण त्या बाईंना विचारल्याशिवाय पुन्हा पाटी लिहू नका."

वेलांटीनं आशेनं ओट्याकडं पाहिलं. अर्धा रस्ता तर तिनं ओलांडलाच होता! उरलेला अर्धा, बस, एवढंच. हवालदारही तिला घ्यायला परत गेला.

"चला वहिनी, या बाजूला."

राग ओसरला होता आणि शपथ आठवली होती. "या बाजूला कशी? पट्टे पडलेत का?" तिनं रिकामा डबा काखोटीला मारला आणि उलटी वळून घरी गेली.

वेलांटी त्या दुपारी उपाशी राहिला. संध्याकाळी शिडी घेऊन दोन्ही पाट्यांवरच्या वेलांट्या त्यानं टर्पेंटाइननं पुसल्या. पुसताना तोंड असं केलं होतं की खालून जाणाऱ्या माणसानं विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

अनुदान यायला पाऊस उलटून गेला. मग एक दिवस पालिकेचं यंत्र आलं आणि त्यानं भराभर पट्टे ओढले. जाड, पांढरे, सरळसोट. वेलांटी शेजारी उभा राहून नाक मुरडत होता, "जीवच नाही रेषेत." सिग्नलही लागला. मध्ये कठडा झाला आणि हवालदाराचा ओटा गेला. त्याची बदली दुसऱ्या चौकात झाली आणि तिथं तो महिनाभरात वाळला.

पट्टे वाळले त्या दुपारी सिग्नल लाल झाला. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. समोरून बायको निघाली. एका हातात डबा, काखेत सुयांची पिशवी, बंद मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेला. घाई नाही, गडबड नाही. एकेका पट्ट्यावर दोन्ही पाय ठेवत, इकडंतिकडं बघत. मध्ये थांबून एका स्कूटरवाल्याला तिनं सांगितलं, "मी त्याच बाजूला चाललेय." बिचारा कुठला कोण, उगाच ओशाळला. सिग्नल हिरवा झाला तरी ती अजून रस्त्यातच होती, आणि कुणाची हॉर्न वाजवायची छाती झाली नाही.

ती आली, स्टूल पदरानं झटकलं, बसली. सुया काढल्या. गिऱ्हाइकांनी परत आणून भिंतीला टेकवलेल्या पाट्या तिनं एकेक करून पाहिल्या. चार महिन्यांच्या, वरचा पावसाळा धरून सगळ्या.

"अहो," ती म्हणाली.

"हं?"

"सगळ्याच चुकल्या?"

मान खाली घालून वेलांटीनं पहिली पाटी आडवी घातली आणि पांढऱ्या रंगाचा डबा पुढ्यात ओढला. झाकण काढलं, तर रंगावर जाड साय धरलेली. काडीनं त्यानं ती कडेकडेनं सोडवली, अख्खी उचलून रद्दीच्या कागदावर टाकली, जुन्या धोतराचं फडकं दुसऱ्या डब्याच्या तोंडावर ताणून धरलं आणि रंग गाळायला घेतला.